पंधरा नंबरची जागा

ज्या शहरात मी सहा वर्षं नोकरी केली, तिथे जिवंत माणसं साडेअकरा हजार होती आणि माझ्या कपाटात चौदा हजार एकशे सहा. दुसरा आकडा मी स्वतः मोजलेला आहे. पहिला शहराच्या वेशीवरच्या पाटीवरचा, त्याची खात्री मी देत नाही.

शहराचं नाव सांगत नाही, कारण यातली काही माणसं अजून तिथे आहेत. मिशिगनमध्ये आहे, नोव्हायच्या आमच्या घरापासून पंचावन्न मैलांवर. मी संख्याशास्त्राची एम.एस्सी. पुण्यात विमा कंपनीत सात वर्षं, मग लग्न करून इकडे, मग ग्रीन कार्ड झाल्यावर एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग. २००१ च्या शेवटी ती नोकरी गेली. आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांत तेव्हा कोणी ना कोणी घरी बसलेलं होतं. पाच महिन्यांनी या शहराची जाहिरात दिसली: जुन्या नोंदी संगणकावर आणण्यासाठी कारकून हवा. कसल्या नोंदी ते मुलाखतीला गेल्यावर कळलं. सिमेट्रीच्या, दफनभूमीच्या.

मिलिंदने, माझ्या नवऱ्याने, एकच प्रश्न विचारला, "हेल्थ इन्शुरन्स आहे?" होता. महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणींना मी सिटी रेकॉर्ड्समध्ये आहे एवढंच सांगितलं. मुलीने मात्र शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं, "माय मॉम वर्क्स विथ डेड पीपल." त्यात खोटं काही नव्हतं.

कामाचं स्वरूप सांगते, कारण आपल्याकडे ते कोणाला माहीत असायचं कारण नाही. सिमेट्रीची जमीन लॉटमध्ये वाटलेली असते आणि लॉटमध्ये एकेका माणसाच्या जागा, क्रमांक घातलेल्या. प्रत्येक जागेचं एक कार्ड. त्यावर नाव, जन्म कुठला, मरण कशाने, धंदा काय, पुरल्याची तारीख. माणूस जिवंत असला आणि जागा त्याने राखून ठेवलेली असली, तर तेवढंच लिहिलेलं. सगळ्यांचे पाय पूर्वेला असतात. पुनरुत्थानाच्या दिवशी उठून उभं राहिलं की समोर सूर्य यावा म्हणून. हे मला डेलने सांगितलं. डेल म्हणजे तिथला मुख्य खणणारा. वय साठच्या आसपास, हातात कायम पाच फुटी लोखंडी सळई. ती जमिनीत खुपसून खाली माती कधी हललेली आहे की नाही हे तो सांगू शकायचा. थंडीत जमीन तीन फूट गोठते. मग आदल्या दिवशी एक लोखंडी झाकण कबरीच्या जागेवर ठेवून त्याखाली गॅसची शेगडी पेटवतात. पूर्वी ती सोय नव्हती. तेव्हा डिसेंबर ते मार्च जे जातील त्यांच्या पेट्या टेकडीतल्या एका दगडी खोलीत ठेवायचे आणि बर्फ वितळलं की एकेक पुरायचे. एका कार्डावर नवरा जानेवारीत गेलेला आणि बायको फेब्रुवारीत. दोघांची पुरल्याची तारीख एकच, एप्रिलमधली.

शहराचा इतिहास वाचनालयात एका काचेच्या कपाटात होता: संस्थापक, पहिला मेयर, पूल बांधला तेव्हाचा फोटो. मला तो कार्डांवर दिसला. पहिल्या खोक्यात धंदा बहुतेक लाकूडतोड्या आणि मरण नदीत बुडून किंवा ओंडक्याखाली. मग जंगल संपलं असावं, कारण पुढच्या खोक्यात लाकूडतोडे नाहीत. ओतशाळेतले कामगार सुरू होतात, लोखंडी चुली ओतणारे, आणि मरण छातीच्या विकाराने. जन्मस्थळं आधी जर्मनी, मग पोलंड. घटसर्पाच्या एका वर्षात एकाच घरची चार मुलं, नऊ दिवसांत. एन्फ्लुएन्झाच्या वर्षाचं खोकं इतरांच्या दुप्पट जाड. नंतर मोटारींचे सुटे भाग करणारा कारखाना येतो आणि जन्मस्थळं केंटकी, मिसिसिपी होतात. मग बराच काळ सगळ्यांचं जन्मस्थळ हेच शहर. शेवटच्या खोक्यांत जन्म इथला पण मरण फ्लोरिडात, ॲरिझोनात. मुलांकडे राहायला गेलेली माणसं पेटीतून परत येत होती. कारखाना २००६ मध्ये बंद झाला, पण कार्डांवर तो आधीच बंद पडत चालला होता.

गिऱ्हाइकं म्हणावी तर तीही होती. एक बाई आली आणि तिने घटस्फोटित नवऱ्याच्या जागेपासून आपली जागा किती दूर आहे ते लेखी मागितलं. मी टेप घेऊन डेलबरोबर गेले. एकशे बेचाळीस फूट भरले. तसं पत्र दिलं. ती म्हणाली, "दीडशे असते तर बरं झालं असतं." डेलने तिला गंभीरपणे सांगितलं की नवरा त्या दिवशी उठला तरी त्याचे गुडघे इतके खराब आहेत की तुझ्यापर्यंत पोचणार नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, ते.

नवं सॉफ्टवेअर २००३ च्या एक एप्रिलला सुरू व्हायचं होतं. त्यात जागेच्या क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. आणि माझ्याकडे मागे राहिलेल्या बायकांच्या राखीव जागांची अडतीस कार्डं अशी होती की ज्यांवर क्रमांकच नव्हता. बहुतेक एका पोलिश कामगार मंडळाच्या लॉटमधली. मंडळाने जमिनीची एक लांब पट्टी घेतलेली होती आणि सभासद जातील तसे ओळीने पुरले होते. बायको मागे राहिली असेल तर नवऱ्याच्या कार्डावर नुसतं लिहिलेलं: शेजारची जागा पत्नीसाठी राखीव. कुठल्या बाजूची, ते नाही. तिथल्या माणसांना ते लिहायची गरज वाटली नसणार.

मी डेलला विचारलं. तो म्हणाला, बर्फ जाऊ दे, तुला एकेक जागा चालत दाखवतो. त्या वर्षी मार्च संपत आला तरी बर्फ गेलं नाही. आणि मला रिकामा रकाना बघवत नाही. हा माझा जन्माचा स्वभाव आहे, घरच्या वाणसामानाच्या यादीतसुद्धा. मी विचार केला, नवऱ्याशेजारी बायको म्हणजे कुठे? माझ्या डोळ्यांसमोर आमच्या घरची सत्यनारायणाची पूजा आली, लग्नातले होम आले. धर्मकार्यात पत्नी उजव्या हाताला. दफन हे धर्मकार्यच. मी अडतीस बायकांना नवऱ्याच्या उजव्या हाताच्या जागा दिल्या आणि डावीकडच्या जागा मोकळ्या म्हणून नोंदल्या. एका कागदावर अडतीस नावं लिहून वर 'तपासणे' असं लिहिलं आणि खणात ठेवलं.

तो कागद मी नंतर काढला नाही. याचं कारण शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला. कारण नाही. बर्फ गेलं, दुसरी कामं आली.

त्याहून मोठी लाज दुसरी आहे. नवरा-बायको दोघंही पुरलेली शेकडो जोडपी माझ्या संगणकात होती, दोघांचेही क्रमांक भरलेले. बायको कुठल्या बाजूला असते हे त्याला विचारायला मला दहा मिनिटं लागली असती. ती दहा मिनिटं मी तीन वर्षांनी काढली. दहापैकी नऊ जोडप्यांत बायको डावीकडे होती. मी संख्याशास्त्र शिकलेली बाई, पुरावा समोर असताना सत्यनारायणावर विसंबले.

जानेवारी २००६ मध्ये शहरातला एक मुलगा इराकमध्ये मारला गेला. वीस वर्षांचा. त्याची आई डेबी शाळेच्या कॅफेटेरियात काम करायची. नवरा नव्हता, मुलगा एकुलता. ती माझ्यासमोर खुर्चीत बसली. अंगातला कोट तिने काढला नाही. म्हणाली, त्याला त्याच्या आजोबांजवळ ठेवायचंय. आजोबा पोलिश मंडळाच्या ओळीत सोळा नंबरला होते, आजी त्यांच्या पलीकडे सतराला. मी संगणकात पाहिलं. पंधरा मोकळी होती. मी तिला सांगितलं की अगदी शेजारची जागा आहे, आणि मला आठवतं, ते सांगताना मला बरं वाटलं होतं. त्या महिन्यात डेल गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरी होता, खणायला शेजारच्या काउंटीतली माणसं आली. दोन फूट बर्फ होतं. अंत्ययात्रेला सगळं शहर रस्त्याच्या दुतर्फा उभं होतं, कारखान्यातली माणसं हातात टोप्या घेऊन.

एप्रिलच्या शेवटी एका गुरुवारी आयरीन आली. माझ्या खिडकीतून दर गुरुवारी एक म्हातारी दिसायची. हिरव्या पट्ट्यांची घडीची खुर्ची घेऊन यायची, लांबवर ओळींमध्ये कुठेतरी तासभर बसायची, जाताना हात हलवायची. मीही हलवायचे. थंडीत ती दिसली नाही. मग कळलं, मांडीचं हाड मोडून पाच महिने शुश्रूषागृहात होती. त्या दिवशी ती वॉकर ढकलत ऑफिसात शिरली. मागे डेल, खुर्ची हातात धरून. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

ती म्हणाली, "माझ्या जागेवर कोणीतरी झोपलंय."

तिचा नवरा स्टॅन ओतशाळेत साचे करणारा मोल्डर होता, १९७९ मध्ये गेला. चौदा नंबर. मी संगणक उघडला. आयरीन: तेरा नंबर. ते मी तिला वाचूनही दाखवलं, तुमची जागा तेरा आहे म्हणून. तिने संगणकाकडे पाहिलंच नाही. "बाई त्याच्या डाव्या हाताला असते," ती म्हणाली. "लग्नात उभी होते तशी. सत्तावीस वर्षं मी माझ्या जागेवर बसतेय, आणि तू खिडकीतून मला बघत होतीस."

मी उठले आणि खणातून तो कागद काढून तिच्यासमोर ठेवला. तिला तो वाचता येणार नाही हे मग लक्षात आलं. 'तपासणे' मराठीत होतं. मग काय केलं ते तोंडाने सांगितलं, उजव्या हातापासून सगळं. ती ऐकत होती. शेवटी डेलला म्हणाली, मला घरी सोड.

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांना लेखी कळवलं. शहराच्या वकिलाने मला बजावलं की यापुढे काही लिहायचं नाही आणि माफी तर मुळीच मागायची नाही. मी आणि डेलने उरलेल्या सगळ्या जागा चालत तपासल्या. अडतीसपैकी सदतीस जागा अजून रिकाम्या होत्या. त्या दोन दिवसांत दुरुस्त झाल्या. चुकीचं प्रमाण कोणी विचारलं असतं तर चौदा हजारांत एक असं सांगता आलं असतं.

निदान तेरा नंबर तरी देता येईल, असं मला वाटत होतं. उजवीकडे, पण शेजारी. डेलने सळई खुपसली, थांबला, दोन हात पुढे खुपसली, परत थांबला. "इथे कोणीतरी आहे," तो म्हणाला. मंडळाने पट्टी घेण्याआधी ती जमीन शहराच्या खर्चाने पुरायच्या गरीब-बेवारस लोकांची होती. कार्ड नाही, दगड नाही, पण माती हललेली. पूर्वीच्या कोणा कारकुनाचाही एक रकाना राहिला होता. तेराही गेली. स्टॅनच्या पेटीवर दुसरी पेटी बसत नव्हती, कारण पेटीभोवती काँक्रीटचं कवच होतं आणि खोली कमी. पर्याय दोन उरले: मुलाला हलवणं, त्याला आईची सही लागणार होती, किंवा आयरीनला दुसरीकडे जागा. शहराने तिला फाटकाजवळची, मेपलच्या झाडाखालची जागा देऊ केली.

हे सांगायला मी तिच्या घरी गेले. वकिलाला विचारलं नाही. माफीही मागितली, दारातच. तिने आत घेतलं, कॉफी दिली, आणि सगळं ऐकून म्हणाली, "फाटकाजवळ मी काय करू? तिथे मी कोणाला ओळखते?"

मग मी डेबीच्या सहीचं बोलले. आयरीन इतक्या जोरात नाही म्हणाली की कप हलला. तो मुलगा चार वर्षांचा असताना आजोबांच्या अंत्यविधीला आला होता आणि तिच्या मांडीवर झोपला होता, हे तिने सांगितलं. "एकदा पुरलेलं पोर त्या बाईला पुन्हा बघायला लावशील? तिला हे कळता कामा नये. कधीच नाही. मला शब्द दे." मी दिला. म्हणूनच हे मराठीत लिहिते आहे, आणि नावं सगळी बदलली आहेत.

तिसरा पर्याय डेलने सुचवला होता, मला तोंडातून काढायला जड गेला. अस्थिकलश. स्टॅनच्याच जागेत, त्याच्या कवचावर, दीड फूट खोल. नियमात बसत होतं. त्यासाठी आधी दहन करावं लागणार होतं. पोलिश कॅथलिक, ब्याऐंशी वर्षांची बाई. चर्चची आता ना नव्हती, पण तिच्या घराण्यात कोणाला कधी जाळलं नव्हतं. तिने माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाली, "तुम्ही लोक जाळता ना? सांग मला, कसं असतं?"

मला माहीत नव्हतं. माझे वडील नागपूरला गेले तेव्हा मी पोचले होते, पण बायका घाटावर जात नाहीत. मी अंगणातून परत फिरले होते. चार वर्षं मढ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या बाईने स्वतःच्या बापाचं दहन पाहिलेलं नव्हतं. तिला तसं सांगितलं. म्हटलं, विचारून सांगते.

त्या शनिवारी दादाला, माझ्या थोरल्या भावाला, नागपूरला फोन केला. "अगं, आता हे काय काढलंस?" तो म्हणाला. मग त्याने सांगितलं. लाकडं ओली होती म्हणून तूप जास्त लागलं. तीन तास. वाऱ्याची दिशा बदलली तसे सगळे उठून दुसऱ्या बाजूला बसले, त्यात एक काका म्हणाले, जाता जाताही आपल्याला उठबस करायला लावतोय. तिसऱ्या दिवशी अस्थी वेचायला गेले तर राखेखाली अजून कोमट होतं. "बाबा हाताला फार हलके लागले," दादा म्हणाला. आठ वर्षांत आम्ही यावर एक शब्द बोललो नव्हतो.

गुरुवारी आयरीनला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं, ओल्या लाकडांसकट. इथे भट्टी असते, लाकडं नसतात, तेही सांगितलं. काकांच्या वाक्याला ती हसली. कोमट होतं म्हटल्यावर म्हणाली, ओतशाळेतून स्टॅन घरी यायचा तेव्हा त्याचा शर्ट रात्रीपर्यंत गरम असायचा. मग तिने विचारलं, "आणि मग वडिलांना कुठे ठेवलं?"

"नदीत सोडलं."

"म्हणजे जागाच नाही?"

"नाही."

"मग तू जाऊन बसतेस कुठे?"



जूनमध्ये तिने कागदांवर सही केली. मी पुढे बसून प्रत्येक रकाना वाचून दाखवला. ती गेली पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये. त्या मधल्या वर्षात ती गुरुवारी येत राहिली, पण खुर्ची आता ओळीच्या बाहेर, वाटेवर टाकायची. पहिल्याच गुरुवारी मी बाहेर गेले आणि शेजारी उभी राहिले. नंतर ऑफिसातली दुसरी खुर्ची नेऊ लागले. एकदा तिने हात लांब करून मुलाच्या दगडावरचं वाळकं पान काढलं आणि म्हणाली, चांगला शेजारी आहे, गडबड करत नाही.

मला तिने माफ केलं का, मला माहीत नाही. तिने तसं म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही.

कलश पुरायला सात माणसं होती. ॲरिझोनाहून आलेली मुलगी, फादर, दोन म्हाताऱ्या, डेल, मी. आणि डेबी. आयरीनला ती लहानपणापासून ओळखत होती, म्हणून शाळेतून सुट्टी काढून आली होती. डेलने फावड्याने खणलं, यंत्र लागलं नाही. खड्डा एवढासा, भाजीची टोपली बसेल इतका. फादरचं झालं, माती लोटली, सगळे गाड्यांकडे निघाले. डेबी मुलाच्या दगडाशी उभी राहिली. मग माझ्याकडे आली.

"आयरीनने दहन करून घेतलं, हे मला पटतच नाही," ती म्हणाली. "माझ्या आईजवळ ती नेहमी म्हणायची, मला अख्खी ठेवा स्टॅनशेजारी, वर उठताना शोधाशोध नको. असं मन का बदललं असेल तिने?"

डेल फावडं पुसत होता. तो पुसतच राहिला.

"त्यांची तशी इच्छा होती," मी म्हटलं.

डेबीने मान हलवली, माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, तू तिच्याजवळ बसायचीस ते मी पाहिलंय, फार बरं केलंस.